खड्डा सगळे खोदतात, शेणखत कोण घालतं? साहेलची ‘झाई’ पद्धत

नमस्कार मंडळी. साहेलच्या दुष्काळावर बोललो की खाली एक प्रश्न हमखास येतो: “आंतरराष्ट्रीय मदत म्हणजे धान्याची पोती, आणखी काय?” पोती लागतातच, उपाशी माणसाला आज जेवायला हवं. पण आज मला खड्ड्याबद्दल बोलायचंय.

पार्श्वभूमी भराभर सांगतो. साहेल म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा कोरडवाहू पट्टा. पीक बाजरी आणि ज्वारी. १९७३ मध्ये दुष्काळ चालू असतानाच तिथल्या देशांनी ‘सिल्स’ ही संयुक्त समिती काढली. तिचं शेती-हवामानाचं केंद्र नायजरच्या राजधानीत, नियामेला आहे. कुठे किती लोकांना अन्न कमी पडेल, याचा अंदाज हे देश एकाच पद्धतीने, एकत्र बसून काढतात. झालं.

आता साहेलमधल्याच बुर्किना फासो या देशाचा यातेंगा भाग. तिथे पडीक जमिनीवर इतकी टणक पापडी धरते की पाऊस पडला तरी पाणी वरून निघून जातं. १९८० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी जुनीच झाई पद्धत, म्हणजे पडीक रानात छोटे खड्डे काढून त्यातच पेरायची पद्धत, सुधारली. याकुबा सावाडोगो हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. त्यांनी खड्डे मोठे केले आणि उन्हाळ्यातच त्यात शेणखत घातलं.

माप लिहून घ्या. रुंदी २० ते ३० सेंटिमीटर, खोली १५ ते २०, म्हणजे जेमतेम वीतभर. दोन खड्ड्यांत ७० सेंटिमीटर ते १ मीटर अंतर. पुढच्या ओळीतला खड्डा मागच्या दोघांच्या मधोमध, म्हणजे वाहतं पाणी एकाला चुकलं तर दुसऱ्यात सापडतं. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला, अर्धचंद्रासारखी. वरच्या बाजूला टाकलीत तर पाणी खड्ड्यात येणारच नाही, आणि ती माती पहिल्याच सरीत खड्डा बुजवेल.

“ही तर आपली सीसीटी!” असं बरेच जण लिहितात. नाही हो. सीसीटी म्हणजे सलग समतल चर. तो डोंगरउतारावर पाणी मुरवायला असतो, चरात कुणी ज्वारी पेरत नाही. झाईत पीक खड्ड्यातच उगवतं. म्हणून तर शेणखताचा एवढा आग्रह.

कळकळीने सांगतो, शेणखताशिवाय झाई करू नका. नायजरमधल्या चाचण्यांत खत न घातलेल्या खड्ड्यांचं उत्पन्न फारच कमी आलं. साहजिक आहे, वीतभर खरवडलं की वरची बरी माती बाजूला जाते आणि बी पडतं खालच्या निकस थरात. एका खड्ड्याला ३०० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन ओंजळी धरा. हेक्टरी १०,००० खड्डे असतील तर ३ टन. गुरं नाहीत त्याने एवढं खत आणायचं कुठून, ही खरी अडचण आहे. मग निम्म्याच रानात खड्डे करा, पण भरलेले करा.

हीच गोष्ट पाण्याच्या बाजूनेही बघा. शेणखत उन्हाळ्यात घातलं की वाळवी येते. घरात आपण तिला हाकलतो, इथे ती कामाला येते. खत खाताना ती खाली बिळं पाडते, पापडी फुटते आणि जूनच्या पावसाचं पाणी त्या बिळांतून खोल जातं. खत पेरणीच्या दिवशी टाकलं तर वाळवीला वेळच मिळत नाही.

आणि झाडांच्या बाजूने. गुरांनी खाल्लेल्या शेंगांचं बी शेणातून खड्ड्यात येतं. जी रोपं उगवतात ती खुरपताना राखायची. सावाडोगोंच्या पडीक रानात जंगल उभं राहिलं, त्यातला मोठा वाटा या खताचा.

आता सहकार्य. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या एका प्रकल्पाने नायजरच्या इल्लेला भागातले मोजके शेतकरी यातेंगात नेले. तज्ज्ञांचं भाषण ऐकायला नव्हे, शेतकऱ्यांच्या बांधावर. परत जाऊन त्यांनी आपल्या रानात खड्डे काढले. त्यांच्या हौसा भाषेत याला ‘तासा’ म्हणतात. सीमेपलीकडे गेलं ते हे ज्ञान, आणि ते टिकलं.

यातेंगातच ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या प्रकल्पाने १९७९ पासून दगडी बांधांचं काम केलं. समपातळी काढायला साधन काय दिलं? पारदर्शक नळी! आपला गवंडी रोज वापरतो तीच लेव्हल ट्यूब. नळीची दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची, दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की दोन्ही जागा एका पातळीत. नळीत बुडबुडा राहिला तर खूण खोटी पडते, बांध तिरका जातो आणि पाणी एका टोकाला जमून बांध फोडतं. म्हणून आधी बुडबुडे काढा.

दोन मर्यादा. पाऊस साधारण ३०० ते ८०० मिलिमीटर असेल तिथेच हे करा, त्याहून जास्त असेल तर खड्ड्यात पाणी तुंबून मुळं सडतात. निव्वळ वाळूतही नको, कडा ढासळून खड्डा बुजतो.

“दर वर्षी नवे खड्डे काढायचे का?” याचंही उत्तर देतो. दुसऱ्या वर्षी तेच खड्डे साफ करून, पुन्हा खत घालून वापरता येतात. नाहीतर जुन्या खड्ड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत नवे काढा, म्हणजे दोन-तीन हंगामांत सगळी पापडी फुटते. फक्त नवे खड्डे पाऊस सरल्यावर काढा, मेपर्यंत थांबू नका, नाहीतर वाळवीचा वेळ पुन्हा हुकेल.