डोळे तिकडचे, पडदा इकडचा

(दृश्य: टेबलावर दोन जुने संगणक, मध्ये नेटवर्कची निळी वायर. डावीकडच्या पडद्यावर नुसता काळोख.)

हा मॉनिटर बिघडलेला नाही. डावीकडच्या संगणकावर या क्षणी एक्स सर्व्हर चालू आहे. एक्स म्हणजे लिनक्ससारख्या संगणकांवर पडद्यावर खिडक्या आणि चित्रं दाखवणारी यंत्रणा, विंडो सिस्टीम, आणि सर्व्हर हा तिच्यातला पडदा सांभाळणारा प्रोग्राम. ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड, माउस, सगळं त्याच्या ताब्यात आहे. फक्त काय दाखवायचं ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो गप्प बसलाय.

पूर्वी असा नुसता सर्व्हर सुरू केला की काळा-पांढरा ठिपका-ठिपका विणलेली करडी जाळी यायची आणि त्यावर एक्सच्या आकाराची काळी फुली. ती फुली म्हणजे माउसचा बाण. जुन्या मॉनिटरवर ती जाळी दोन मिनिटं बघितली की डोळ्यांपुढे मुंग्या यायच्या. आता ती मुद्दाम मागावी लागते. सर्व्हर सुरू करताना जो पर्याय द्यायचा, त्याचं नावच 'रेट्रो' आहे.

(दृश्य: करडी जाळी. माउस हलतो, फुली सरकते.)

आता उजवीकडच्या संगणकाकडे या. त्याला मॉनिटरच जोडलेला नाही. त्याच्यावर आपण एक छोटा प्रोग्राम चालवणार आहोत, एक्सआइज. दोन मोठे डोळे, आणि माउस जाईल तिकडे वळणारी बुबुळं. याहून जास्त तो काहीही करत नाही. चालणार उजवीकडे, दिसणार डावीकडे.

इथेच बहुतेकांची पहिली ठेच लागते. सर्व्हर म्हटलं की कुठेतरी लांब, थंडगार खोलीत घरघरणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. एक्समध्ये उलटं आहे. सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो, कारण वाटायची गोष्ट आहे पडदा, आणि पडदा तुमच्यासमोर आहे. लांबचा प्रोग्राम हा गिऱ्हाईक, क्लायंट. तो येऊन म्हणतो, मला एवढी खिडकी द्या, त्यात इथून तिथे रेघ ओढा, कुणी कळ दाबली तर कळवा. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं निम्मं कोडं सुटतं.

(दृश्य: १९८०च्या दशकातली संगणक प्रयोगशाळा, स्थिरचित्रं.)

हे उलटं डोकं चाललं १९८४ साली, अमेरिकेत, एमआयटीमध्ये. तिथे वर्षभरापूर्वी प्रोजेक्ट अथेना सुरू झाला होता. आयबीएम आणि डीईसी या दोन्ही कंपन्यांची यंत्रं विद्यार्थ्यांसाठी येणार होती, आणि विद्यार्थी कुठल्याही यंत्रापुढे बसला तरी त्याचं काम त्याला दिसायला हवं होतं. तिथल्या बॉब शाइफलर यांच्या हाती स्टॅनफर्डमधून आलेली डब्ल्यू नावाची विंडो सिस्टीम होती. तिच्यात प्रत्येक मागणीनंतर उत्तराची वाट बघत थांबावं लागे. शाइफलर यांनी ते थांबणं काढून टाकलं. प्रोग्रामने मागण्या एकामागून एक सोडत जायच्या, सर्व्हरने त्या क्रमाने उरकायच्या. जून १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांना कळवलं की डब्ल्यूमधला बराच कोड उचलून नवी सिस्टीम केली आहे आणि तिला एक्स म्हटलंय. डब्ल्यूनंतर एक्स, नाव ठेवायला याहून कमी कष्ट कुणी घेतले नसतील.

पहिल्या तीन वर्षांत दहा आवृत्त्या झाल्या. अकरावी आली सप्टेंबर १९८७ मध्ये. बारावी आलीच नाही. आज या टेबलावर धावतोय तो प्रोटोकॉल, म्हणजे क्लायंट-सर्व्हरच्या बोलण्याचे नियम, मुळात तोच, अकरावा.

भिन्न यंत्रांची ती काळजी प्रोटोकॉलच्या पहिल्या बाइटमध्येच दिसते. जोडणी होताच क्लायंट एकच अक्षर पाठवतो, इंग्रजी मोठा बी किंवा लहान एल. म्हणजे, आमच्याकडे आकड्याचं मोठं टोक आधी लिहितात की लहान. पाहुण्याने दारातच सांगावं की मी कुठली बोली बोलतो, आणि मग सांभाळून घेणं यजमानाकडे.

(दृश्य: उजव्या संगणकाचं टर्मिनल, डावीकडून लांबून उघडलेलं.)

उजवीकडच्या संगणकाला पत्ता द्यायचा. त्यासाठी डिस्प्ले नावाचं चल, म्हणजे प्रोग्रामांना वाचता येणारी नोंद, असतं. त्यात डाव्या यंत्राचं नाव, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग शून्य. शून्य म्हणजे त्या यंत्रावरचा पहिला एक्स सर्व्हर. तो नेटवर्कवर ६००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, ऐकतो, दुसरा असला तर ६००१ वर.

एंटर. आणि... डिस्प्ले उघडता येत नाही, असं उत्तर.

बरोबरच आहे. २०१५ पासून एक्स-ऑर्ग या एक्स सांभाळणाऱ्या प्रकल्पाचा सर्व्हर आपणहून नेटवर्कवर ऐकतच नाही. त्याला सुरू करतानाच तसं सांगावं लागतं. सांगितलं, पुन्हा सुरू केला. तरी नकार, कारण आता ओळख विचारली जातेय.

जुन्या प्रयोगशाळांत यावर एक रामबाण असायचा. एक्सहोस्ट ही आज्ञा, आणि पुढे अधिकचं चिन्ह. एका फटक्यात सगळ्या जगाला दार उघडं. आणि एक्समध्ये एकदा आत आलेल्या क्लायंटवर जवळजवळ काहीच बंधन नाही. दुसऱ्याच्या खिडकीचं चित्र घेता येतं, दुसरीकडे दाबलेल्या कळा वाचता येतात, पासवर्डसकट. मित्राच्या पडद्यावर शंभर डोळे उघडून ठेवणं हा त्यातला सर्वांत निष्पाप उद्योग.

रीतसर मार्ग कुकीचा. सर्व्हर सुरू होताना सोळा बाइटांचा एक गुपित आकडा तयार होतो आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी नावाच्या लपलेल्या फाइलीत पडतो. तो आकडा जो दाखवेल तो आत. आपण तो उजवीकडे नेऊन ठेवला.

(दृश्य: डाव्या पडद्यावर, जाळीवर, दोन डोळे उघडतात.)

उघडले. चौकट नाही, बंद करायची फुली नाही, सरकवायची पट्टी नाही. ते सर्व्हरचं कामच नाही, त्यासाठी वेगळा विंडो मॅनेजर लागतो. पडदा कसा वापरायचा ते तुम्ही ठरवा, आम्ही फक्त साधनं देऊ, हा एक्सचा खाक्या. म्हणूनच एक्सवरची दोन संगणकं कधी एकसारखी दिसली नाहीत.

रोजच्या वापरात एवढी यातायात कुणी करत नाही. लांबच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरायचा प्रोग्राम म्हणजे एसएसएच; त्याला 'कॅपिटल एक्स' हा पर्याय दिला की तो कुकी स्वतः नेतो आणि सगळी वाहतूक कुलूपबंद नळीतून आणतो. पलीकडे एसएसएचने लावलेला डिस्प्लेचा आकडा बहुधा दहा दिसतो. नवशिके तो बदलायला जातात. बदलू नका.

(दृश्य: छापील कागदावर आकड्यांची एक ओळ.)

आणि ही ओळ. ज्यांनी हाताने एक्सऑर्ग डॉट कॉन्फ ही सर्व्हरच्या सेटिंगची फाइल लिहिली त्यांना ती अजून पाठ असेल. मोडलाइन, पडदा किती ठिपक्यांचा आणि किती वेगाने रंगवायचा ते सांगणारी. पासष्ट, १०२४, १०४८, ११८४, १३४४. मग ७६८, ७७१, ७७७, ८०६. दिसणारे ठिपके १०२४, पण हिशेब १३४४ चा, कारण काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपली की परत पहिल्या टोकाला यायला वेळ घेतो. खाली ७६८ ओळी दिसतात, मोजायच्या ८०६. पहिला पासष्ट दशलक्षांत आहे, म्हणजे सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके. त्यांना या दोन्हींनी भागा, उत्तर साठ. पडदा सेकंदाला साठदा रंगतो. आकडा चुकला की मॉनिटर बारीक शिट्टी घालायचा, आणि माहितीपत्रकात इशारा असायचा की चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर जळू शकतो. आज मॉनिटर स्वतःची कुंडली स्वतःच सांगतो, ती फाइल बहुतेक यंत्रांवर नसतेच.

अडलंच तर लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहिलेली नोंदवही, वाचा. ओळीच्या सुरुवातीला कंसात दोन तारे म्हणजे हे तुम्ही सांगितलेलं, दोन आडव्या रेघा म्हणजे हे यंत्राकडून कळलेलं, दोन बरोबरची चिन्हं म्हणजे मूळचंच. दोन इंग्रजी ई, म्हणजे एरर, दिसले की थांबा.

आपल्याशी थेट नातं आहे ते अक्षरांचं. सुरुवातीच्या एक्समध्ये फॉन्ट सर्व्हरकडे असायचे. क्लायंट अक्षरांचे क्रमांक पाठवायचा, सर्व्हर ठसे ओळीने मांडायचा. इंग्रजीचं भागलं. पण 'क्षितिज'मधली वेलांटी क्षच्या आधी काढायची, हे त्या ठसेवाल्याला कोण सांगणार? २००० च्या सुमारास कीथ पॅकर्ड यांनी रेंडर नावाची जोड दिली. मग अक्षर घडवणं क्लायंटकडे आलं, सर्व्हर तयार आकार चिकटवू लागला. जोडाक्षरं नीट दिसायला त्याचा मोठा हात आहे.

(दृश्य: आजचा लॅपटॉप. तेच दोन डोळे.)

२००८ मध्ये एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीचं काम सुरू झालं. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, एक्स-ऑर्गचा सर्व्हर काढून टाकला गेला. जुन्या प्रोग्रामांसाठी एक्सवेलँड नावाचा सर्व्हर मागे ठेवलाय. आपले डोळे त्याच्यावरच उघडलेत.

माउस डोळ्यांवर आणला. बुबुळं वळतात. माउस शेजारच्या, वेलँडच्या खिडकीवर नेला. बुबुळं जिथल्या तिथे. तिकडे माउस कुठे फिरतोय, कुठली कळ दाबली जातेय, हे आता त्यांना कुणी सांगत नाही.