शाळा बघायला जाताय? आधी गेटवर थांबा

नमस्कार मंडळी. दिवाळीचा फराळ संपला की आमच्या सोसायटीत एकच विषय, ॲडमिशन. सीबीएसई की स्टेट बोर्ड, इंग्लिश की सेमी, व्हॉट्सॲपवर नुसता धुरळा. बोर्डाचं बघू हो नंतर, आधी शाळा बघा. आणि शाळा म्हणजे एसीतलं ते ऑफिस आणि गुळगुळीत ब्रोशर नव्हे.

मुलीच्या पहिलीच्या ॲडमिशनला आम्ही एका नामांकित शाळेत गेलो, तिथे मॅडमनी वांग्याचं चित्र दाखवून रंग विचारला, पोरगी झटकन म्हणाली जांभळा, तर मॅडम म्हणे "इन इंग्लिश, बेटा", आणि ती जी गप्प झाली ती थेट रिक्षात बसेपर्यंत. मी पण तिथे गप्पच बसलो, त्याचा राग अजून आहे. कारण २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलम १३ स्वच्छ सांगतं, ॲडमिशन देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी, मुलाखत चालत नाही, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. डोनेशन तर नाहीच नाही.

मग पुढच्या शाळांना मी शाळा सुटायच्या वेळी जायला लागलो. गेटबाहेर भेळवाल्याच्या बाजूला उभं राहायचं, बास. बाई पोरांना नावाने हाक मारतात की "ए निळी बॅग" म्हणतात, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. घ्यायला आलेल्या आज्यांना विचारा, त्या काही लपवत नाहीत. एका वर्गात पोरं किती तेही विचारा, कायद्याच्या हिशोबाने पहिली ते पाचवी ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि प्रत्यक्षात एकेका तुकडीत पन्नास-साठ कोंबलेली दिसतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस नंबर, म्हणजे सरकारी ओळख नंबर असतो, आपल्या महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, तो सरकारी साइटवर टाकला की शिक्षक किती, खोल्या किती, टॉयलेट किती सगळं दिसतं. अर्थात ती माहिती शाळेनेच भरलेली असते, त्यामुळे डोळ्याने बघितलेलं बरं.

आणि टॉयलेट बघाच, लाजू नका. एका शाळेत मला स्विमिंग पूल हौसेने दाखवला आणि टॉयलेट म्हटल्यावर "पॅरेंट्सना अलाउड नाही". अहो घाण असलं की पोरं जातच नाहीत, जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि आपण घरी ओरडतो की वॉटरबॅग तशीच भरलेली कशी.

शेवटी घराजवळची एक जुनी, साधी शाळा घेतली, चालत सात मिनिटं. पूल नाही, ब्रोशर पण नाही. पहिल्या आठवड्यात बायको रोज संध्याकाळी सगळ्यात आधी वॉटरबॅग हलवून बघायची. तिसऱ्या दिवशी रिकामी आली.