एआयच्या बापाचं काय जातंय?

नमस्कार मंडळी. माणूस आणि एआय यांच्यात नेमका फरक काय, असं कट्ट्यावर कुणालाही विचारा, उत्तरं तयार असतात. भावना, सर्जनशीलता, अंतर्ज्ञान. मला ही उत्तरं पटत नाहीत, कारण ती दर काही वर्षांनी बदलावी लागतात. बुद्धिबळ म्हणजे बुद्धीचा कळस असं आपण म्हणायचो. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. मग म्हटलं, 'गो' हा पटावरचा खेळ खेळून दाखवा, तिथे अंतर्ज्ञान लागतं. २०१६ मध्ये अल्फागो या एआयनं 'गो'मधल्या अव्वल खेळाडूला, ली सेडॉलला, ४-१ असं हरवलं. मग कविता. आता कविता मागाल तेवढ्या मिळतात. बऱ्याचशा वाईट असतात, पण ते दिवाळी अंकांबद्दलही म्हणता येईल. असो.

तर 'त्याला काय येत नाही' याची यादी आखडतच जाणार. मी दुसरीकडून बघतो.

[दृश्य: अलका टॉकीज चौक, संध्याकाळ]

या काकू बघा. हातात भाजीची पिशवी. सिग्नल त्यांच्या बाजूचा आहे, पण पुण्यात तेवढ्यावर विसंबून रस्ता कोण ओलांडतं? पाऊल टाकायच्या आधी त्यांनी हात पुढे केला आणि थेट त्या ॲक्टिव्हावाल्या मुलीकडे बघितलं. मुलीचं तोंड स्कार्फमध्ये, नुसते डोळे दिसतायत. तिनं गाडी हळू केली. थांबवली नाही हं, हळू केली. आणि मान किंचित हलवली. काकू सुटल्या. ते बघून मागच्या रिक्षावाल्यानंही ब्रेक दाबला.

काकूंना माहितीय, धडक बसली तर हाड मोडेल. मुलीला माहितीय, यांना लागेल, आपणही पडू, चौकात माणसं जमतील, घरी सांगावं लागेल. दोघींचं काहीतरी जाणार आहे, आणि समोरचीचंही जाणार आहे हे दोघींना दिसतंय.

आता सॅन फ्रान्सिस्को, २ ऑक्टोबर २०२३ ची रात्र. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना एका गाडीनं उडवलं आणि त्या शेजारच्या लेनमध्ये, क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढे पडल्या. टॅक्सीनं ब्रेक मारला, तरी त्यांना धडकली आणि थांबली. इथवर एखाद्या माणसाच्या हातूनही झालं असतं. पण सॉफ्टवेअरनं अंदाज बांधला की धडक गाडीच्या बाजूला बसलीय. अशा वेळी रस्ता अडवायचा नाही, कडेला लागायचं, असं त्याला शिकवलेलं. टॅक्सी कडेला निघाली. बाई खाली होत्या. साधारण २० फूट फरफटत गेल्या. गंभीर जखमी झाल्या, पण वाचल्या.

आणि त्यांना आधी उडवलं, ती गाडी चालवणारा? तो माणूस होता, आणि तो पळून गेला.

म्हणजे माणूस चांगला आणि यंत्र वाईट, असं सोयीचं काही म्हणता येत नाही. तो पळाला, कारण त्याचं काहीतरी जाणार होतं. टॅक्सीला पळायचंही कारण नव्हतं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियानं क्रूझचे विनाचालक परवाने निलंबित केले, नोव्हेंबरात ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलण्यात आलं, आणि गाड्यांपुरता विषय संपला. स्टिअरिंगवर तुम्ही-आम्ही असतो तर कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नसता.

चॅटबॉटचंही हेच. प्रचंड मजकुरावरून तो आधीच्या शब्दांपुढे काय बसेल याचा अंदाज बांधत जातो. 'ऐकून वाईट वाटलं' हे वाक्य तिथे बसतं, म्हणून येतं. त्याला खरंच काही 'कळतं' का, यावर जाणकारांचे वाद चालू आहेत, चालू देत. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटनं आजी गेलेल्या एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. प्रकरण लवादापुढे गेल्यावर कंपनी म्हणाली काय, तर चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, त्याचं तो बघेल! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादानं हे उडवून लावलं आणि कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. बरोबरच आहे. दंड बॉटला केला असता तर त्याच्या बापाचं काय जात होतं?

कुणी म्हणेल, उद्या रोबोटला शरीर देऊ, सेन्सर देऊ, चुकला की गुण कापू. कापा की. बिघडला तर बॅकअपवरून परत उभा करता येतो, तोवर गुण कापले काय नि वाढवले काय.

मी एआय वापरतो, रोज वापरतो. पत्राचा मसुदा, एक्सेलचं सूत्र, बिनधास्त. पण सोनोग्राफीचा रिपोर्ट उद्या त्यानं लिहून दिला, तर आधी खाली सही कुणाची आहे ते बघेन. नसेल तर काउंटरवर जाऊन विचारेन. काउंटरवरच्या ताई वैतागतील, मागची रांगही वैतागेल.