मीटर कुठं बसवायचा?

[पडद्यावर : चिपळूण तालुक्यातलं एक अंगण. मागे डोंगर, डोंगरावरून उतरणारे विजेचे लोखंडी मनोरे.]

हे माझ्या मामांचं घर. मागे दिसतात ते मनोरे पोफळीच्या बाजूनं येतात. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली सोडतात, त्यावर जनित्रं फिरतात आणि ती वीज मामांच्या डोक्यावरून पुढे निघून जाते. पावसाळ्यात मामांच्या घरात मात्र कधी कधी दोन-दोन दिवस दिवा नसतो.

मामा मला दर दोन-तीन महिन्यांनी एकच व्हिडिओ पाठवतात. त्यात एक उंच मनोरा, वर छत्रीसारखा घुमट आणि भारदस्त आवाजात सांगितलेली गोष्ट. निकोला टेस्ला नावाच्या संशोधकानं साऱ्या जगाला बिनतारी वीज फुकट द्यायचं ठरवलं. पैसे लावणाऱ्या जे. पी. मॉर्गननं विचारलं, "यात मीटर कुठं बसवायचा?" टेस्लाकडे उत्तर नव्हतं. मॉर्गननं पैसे थांबवले, मनोरा पाडला आणि पेपरवाल्यांनी तोंड शिवून घेतलं.

"खरं आहे का रे हे?" मामा विचारतात.

त्यांना नुसतं "खोटं आहे" म्हणून गप्प करणं मला पटत नाही. मामांचं घर जिथं आहे, तिथून गुहागर फार लांब नाही. अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प आला, तेव्हा स्वस्त आणि मुबलक विजेची वचनं या भागानं ऐकली. १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला, पुढं तो रद्द झाला, पुन्हा झाला. २००१ साली महागड्या विजेवरून प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. ज्या माणसानं हे जवळून पाहिलंय, तो वीज कंपनीच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवील?

[पडद्यावर : जुन्या न्यूयॉर्कमधला रस्ता, खांबांवर तारांची गर्दी.]

टेस्लाच्या काळातही संशयाला जागा होती, आणि भरपूर होती.

१८८८ सालचं न्यूयॉर्क. एडिसनच्या कंपनीची वीज एकाच दिशेनं वाहणारी. ती वीजघरापासून जेमतेम मैलभर पोचायची, पुढं तिचा जोर संपायचा. टेस्लाची वीज दिशा बदलत वाहणारी. ट्रान्सफॉर्मर लावून तिचा दाब वाढवायचा, बारीक तारेतून लांब न्यायची आणि घराशी दाब पुन्हा कमी करायचा. त्या वर्षी टेस्लाची पेटंटं एडिसनच्या प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउस कंपनीनं घेतली.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रात पत्र छापून आलं. लिहिणारा होता हॅरल्ड ब्राउन नावाचा विद्युत अभियंता. बदलत्या दिशेची वीज जीवघेणी आहे, तिच्यावर निर्बंध हवेत, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात त्यानं कोलंबिया कॉलेजात लोकांसमोर त्या विजेनं कुत्रा मारून दाखवला. आपण कुणाचेही नाही, जनतेच्या काळजीपोटी बोलतोय, असं तो सांगत असे. १८९० साली विजेच्या खुर्चीवर पहिल्या माणसाला देहदंड दिला, तेव्हा मुद्दाम वेस्टिंगहाउसची जनित्रं मिळवून वापरली गेली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १८८९ मध्ये, ब्राउनच्या टेबलातून चोरीला गेलेली पत्रं 'न्यूयॉर्क सन'नं छापली. एडिसनच्या कंपनीशी त्याचं आतून किती संधान होतं, ते त्या पत्रांतून उघड झालं. मामा, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. कंपनीनं माणूस पुढं केला होता, हे खरं. एका वर्तमानपत्रानं त्याला जागा दिली, हेही खरं. आणि दुसऱ्या वर्तमानपत्रानं त्याला उघडा पाडला, हेही तितकंच खरं.

१८९२ साली मॉर्गनच्या पुढाकारानं एडिसनची कंपनी आणि तिची एक प्रतिस्पर्धी कंपनी एकत्र झाल्या. नव्या नावात एडिसन उरला नाही, नुसतं जनरल इलेक्ट्रिक झालं. ही नवी कंपनी तीच बदलत्या दिशेची वीज विकू लागली. कालपर्यंत जीव घेणारी वीज आज मालाच्या यादीत आली.

[पडद्यावर : लाँग आयलंड, शोरहॅम. विटांची इमारत. मग जुनं छायाचित्र, तिच्यामागचा मनोरा.]

आता मनोऱ्याकडे येऊ. जागेचं नाव वॉर्डनक्लिफ. १९०१ साली मॉर्गननं टेस्लाला दीड लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. बदल्यात पेटंटांत एक्कावन्न टक्के हिस्सा मागितला. करार कशासाठी होता? अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी. जगाला वीज देण्याची गोष्ट त्या करारात नव्हती.

मनोरा उभा राहिला १८७ फूट. खाली जमिनीत १२० फूट खोल विहीर. वर घुमट. शेजारची प्रयोगशाळा स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुविशारदानं आखलेली. शेअरबाजार कोसळल्यावर सामानाचे भाव चढले, काम रखडलं. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीनं कितीतरी स्वस्त सामग्रीवर इंग्लंडहून न्यूफाउंडलंडला एक अक्षर पोचवल्याचं जाहीर केलं. ज्या कामासाठी मॉर्गननं पैसे दिले होते, ते दुसऱ्यानंच करून टाकलं.

टेस्लाच्या मनातला बेत मात्र याहून मोठा होता. संदेश तर जातीलच, वीजही जाईल. पृथ्वी हाच वाहक, आपण तिला योग्य लयीत हलवायचं. १९०३च्या जुलैत त्यानं मॉर्गनला पत्र लिहून मनातला खरा बेत सांगितला. आधीच सांगितलं असतं तर तुम्ही मला कचेरीतून हाकलून दिलं असतं, असंही त्यात कबूल केलं. हे पत्र वाचताना माझा जीव कासावीस होतो. इतका मोठा माणूस, आणि आपली सगळ्यात मोठी कल्पना त्यानं मॉर्गनपासून दोन वर्षं लपवून ठेवलेली.

मॉर्गननं हात आखडता घेतल्यावर इतर धनिकही पुढं आले नाहीत. १९०४ सालच्या लेखात टेस्लानं मात्र मॉर्गनच्या औदार्याचे जाहीर आभार मानले आहेत. व्हिडिओत हे कधीच येत नाही.

वाल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात टेस्ला वर्षानुवर्षं राहत होता. बिल थकत गेलं आणि त्यापायी वॉर्डनक्लिफ गहाण पडलं. १९१५ साली जागा हॉटेलच्या मालकाकडे गेली. त्याच वर्षी खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि घाटातल्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत पोचली. ती वीज होती टेस्लाच्याच पद्धतीची. तिकडं त्याचा मनोरा हातचा गेला आणि इकडं त्याची वीज बोरघाटाच्या पायथ्याहून मुंबईत शिरली.

४ जुलै १९१७ रोजी मनोरा सुरुंग लावून पाडायला घेतला. मोडीतून थकबाकी वसूल करायची होती. महायुद्ध चालू होतं. एका मासिकानं छापलं की जर्मन हेरांच्या भीतीनं सरकारनंच तो उडवला. कारण साधं होतं, उधारीचं. छापून आलं ते थरारक.

[पडद्यावर : एक क्रिस्टल रेडिओ. कानाला लावलेला हेडफोन.]

पण तो मनोरा पूर्ण झाला असता, तर मामांच्या घरी वीज आली असती का?

हा क्रिस्टल रेडिओ बघा. याला बॅटरी नाही. केंद्रातून येणाऱ्या लहरींच्याच बळावर तो चालतो. म्हणजे हवेतून ऊर्जा येते, टेस्लाचं तेवढं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण किती येते? कानाशी धरलं तर गाणं ऐकू येईल इतकीच. मनोऱ्यातून निघालेली ऊर्जा चहूकडं पांगते आणि लांब गेल्यावर एका घराच्या वाट्याला नगण्य उरते. जमिनीतून पाठवायची म्हटलं, तर जमीन ती शोषते. टेस्लाला वाटत होतं तसा पृथ्वीचा गोळा वागत नाही.

आणि फुकट? वीज आधी तयार करावी लागते. टेस्लाची नजर नायगराच्या धबधब्यावर होती. तिथं जनित्रं लागली असती, माणसं लागली असती, पैसे लागले असते. तो ऊर्जा पोचवण्याची नवी वाट शोधत होता. शून्यातून वीज काढण्याचा दावा पुढं इतरांनी त्याच्या नावावर चिकटवला.

संशयाला जागा पुढेही राहिली. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत टेस्ला एकटाच वारला. तो १८९१ पासून अमेरिकेचा नागरिक होता, तरी परकीयांच्या मालमत्तेचं सरकारी खातं त्याचं सामान घेऊन गेलं. एमआयटी या अमेरिकी तंत्रसंस्थेचे जॉन ट्रम्प यांनी कागद तपासले, आणि टेस्लाचं शेवटच्या वर्षांतलं लिखाण मुख्यतः तर्क आणि तत्त्वचिंतनाच्या स्वरूपाचं आहे असा निर्वाळा दिला. पुढं ते कागद सर्बियातल्या बेलग्रेडला गेले, आज तिथल्या संग्रहालयात आहेत. पण सरकारनं एकदा पेटी उचलून नेली की लोक विचारणारच, आत काय होतं? विचारायलाच हवं.

[पडद्यावर : मामांच्या पडवीत पत्र्याची एक निळी पेटी.]

ही निळी पेटी मामांनी जाहिरात बघून मागवली. "टेस्लाचं दडपलेलं तंत्र, चुंबकावर चालणारा जनरेटर, आयुष्यभर वीज." पेन्शनचे साठवलेले पैसे त्यात गेले. पहिले दोन दिवस दिवा लागला. तिसऱ्या दिवशी विझला, तेव्हा आम्ही स्क्रू काढून पेटी उघडली. आत एक छोटी बॅटरी होती आणि दोन बिनकामाची चुंबकं. जाहिरातीतला नंबर कायमचा बंद.

मला राग येतो तो याचा. मामांचा अविश्वास त्यांनी अनुभवातून कमावलेला होता. या लोकांनी नेमका तोच हेरला आणि त्याच्यावर दुकान थाटलं.

त्या संध्याकाळी मी मामांना मॉर्गनचं उत्तर वाचून दाखवलं, १४ जुलै १९०३चं. त्याआधी सांगितलं, की मीटरचं ते वाक्य त्या दोघांच्या जपून ठेवलेल्या पत्रांत नाही. मामा खुर्चीत पुढं सरकून बसले. पत्र एका वाक्याचं आहे. तुमचं पत्र मिळालं, आणि सध्या आणखी रक्कम देण्याची माझी इच्छा नाही.

"एवढंच?" मामा म्हणाले.

"एवढंच."

त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा पुसला आणि स्वतः पुन्हा एकदा वाचला.