ग्रुपने संस्थेत जायचंय? आधी त्यांना 'नको' म्हणता आलं पाहिजे

नमस्कार मंडळी. ५ डिसेंबर जवळ आला की माझ्याकडे एकच प्रश्न यायला लागतो. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली जाहीर केलेला. प्रश्न असा: "आम्ही तीसेक जण आहोत, एखाद्या संस्थेसाठी एक दिवस काम करायचंय, तयारी कशी करू?"

सोपं ते आधी उरकून टाकते. संस्थेशी बोलणारा ग्रुपमधला माणूस एकच असू द्या, दहा जणांनी दहा फोन करू नका. आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारून आकडा पक्का करा, कारण नाव देणारे सगळे येत नाहीत. पाणी, टोपी, हातमोजे, प्रथमोपचार पेटी, जाण्यायेण्याची सोय. हे तुम्हाला जमतं, त्यावर वेळ घालवत नाही.

अडतं ते संस्थेशी होणाऱ्या पहिल्या बोलण्यात. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

काही वर्षांपूर्वी आम्ही ३४ जण एका वसतिगृहाच्या भिंती रंगवायला गेलो होतो. ब्रश होते ११. म्हणजे एक जण रंगवतोय आणि दोघं मागे उभे. दुपारी मी खिडकीखालची भिंत घासायला घेतली आणि तळहाताएवढा पोपडा हातात आला. कडेनं बघितलं तर थर दिसत होते. वर आकाशी, त्याखाली पिवळा, त्याखाली गुलाबी, त्याखाली परत पिवळा. मागची बाजू ओलसर होती. तिथल्या ताईंना दाखवलं तर म्हणाल्या, "दर वर्षी कोणी ना कोणी येतं रंगवायला. भिंतीतला पाइप झिरपतो, म्हणून टिकत नाही."

ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. आत पाणी झिरपत असेल तर वरचा रंग फुगतो आणि सुटतो. त्यांना हवा होता प्लंबर. आणि आम्ही रंगाचे डबे घेऊन गेलो होतो. मग ताई हे आधी का बोलल्या नाहीत? कारण आम्ही फोनवर विचारलंच होतं असं, "आम्ही रंगवायला येतोय, चालेल ना?" या प्रश्नाला "चालेल" याशिवाय उत्तर काय देणार?

म्हणून "चालेल ना" हा शब्दच काढून टाका. असं विचारा: "वर्षभर मागे पडलेलं तुमचं काम कोणतं?" "मागचा ग्रुप गेल्यावर तुम्हाला काय आवरावं लागलं?" दुसरा प्रश्न नक्की विचारा, त्यातूनच खरं कळतं. आणि पैसे किंवा सामान द्यायचं मनात असेल तर सुरुवातीलाच सांगा, की आम्ही आलो नाही तरी ते मिळेल. नाहीतर समोरच्याला वाटतं, यांना नाही म्हटलं तर देणगी जाईल. मग ते तुमच्यासाठी काम तयार करतात, आणि ते तयार करण्यात त्यांचाच दिवस जातो.

दुसऱ्या बाजूने बघा. ३० जणांना एकाच दिवशी पुरेल असं काम संस्थेकडे क्वचितच असतं. सहा जणांचं मात्र बरंच असतं. ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, गोदामातल्या सामानाची यादी करणं, जुनी कागदपत्रं स्कॅन करणं. मग ३० जणांच्या पाच तुकड्या करा आणि पाच शनिवार जा. मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं होतं, "मग सगळे एकत्र येण्याचा अनुभव कसा मिळणार?" दादा, एकत्र यावंसं वाटणं अगदी रास्त आहे. त्यासाठी सहल काढा, मनसोक्त मजा करा. पण ती गरज आपली आहे, तिचं ओझं संस्थेवर टाकू नका.

आणि तिसरी बाजू, दुसऱ्या दिवसाची. झाडं लावायची म्हणता ना? रोप लावायला काही मिनिटं पुरतात. पण त्याला पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी घालावं लागतं. ते कोण घालणार, हे तारीख ठरवायच्या आधी विचारा. "आमची माणसं नाहीत" असं उत्तर आलं तर रोपं नेऊ नका. संस्थेला "नको" म्हणायची मोकळीक द्या म्हणते, ती यासाठीच.

जाता जाता, मुलांच्या संस्थांबद्दल. "ओळखपत्र मागतात, मुलांबरोबर एकटं थांबू देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, आमच्यावर विश्वास नाही का?" अशा तक्रारी मला बऱ्याच येतात. मला स्वतःला अशा संस्थांबद्दल आदरच वाटतो. तिथल्या मुलांची जबाबदारी आपल्यावर आहे, याची त्यांना जाणीव आहे. फोटोसाठी संस्थेची आणि पालकांची परवानगी नसेल तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या, पाठमोरा फोटोसुद्धा नको.

त्या वसतिगृहात आम्ही परत गेलो, या वेळी सहा जण. आधी ताईंशी पाऊण तास फोनवर बोललो. प्लंबरचे पैसे दिले, पाइप बदलून झाला. आम्ही दोन दिवस बसून त्यांच्या सामानाची नोंदवही संगणकावर चढवली. खिडकीखालच्या भिंतीचे सगळे थर खरवडून काढलेत, आता ती तशीच उघडी आहे. पूर्ण सुकली की ताई फोन करणार आहेत. ब्रश सहाच घेऊन जाणार आहोत.