मिटणारी हॅट

पडद्यावर काळी, ताटलीसारखी चपटी दिसतेय ती पुरुषांची हॅट आहे. हातावर जरा आपटली की टक् असा आवाज होतो, आणि ती ताठ उभी राहते.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली तेव्हा रात्रीच्या मेजवानीला पितळी बटणांचा निळा कोटही चालत असे. पुढे काळ्याचंच राज्य झालं. मागे शेपटं असलेला काळा टेलकोट, कडक कांजीचा पांढरा शर्ट, पांढरा बो टाय, पांढरे हातमोजे. आणि डोक्यावर टॉप हॅट, म्हणजे नळकांड्यासारखी उंच हॅट.

ही टॉप हॅट आधी बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांपासून होई. केस दाबून केलेलं असं कापड, म्हणजे फेल्ट, बनवताना पाऱ्याचं द्रावण वापरत, आणि त्याच्या वाफेने कारागिरांचे हात कापू लागत. मग रेशमी प्लश आलं, म्हणजे मखमलीसारखं लवदार, चकाकतं कापड. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट ते वापरू लागला, तशी त्याची चलती झाली. पण हॅटला उभं धरणारा सांगाडा रेशमाचा नव्हता. तो होता लाखेचा लेप दिलेल्या कापडाचा, गरम इस्त्रीने आकार दिलेला. आणि लाख जायची आपल्याकडून! छोटा नागपूरच्या जंगलांत कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवरून ती खरवडून काढणारी माणसं होती, मिर्झापूरला ती वितळवून तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, करणारे कारागीर होते. लंडनच्या त्या रुबाबाबद्दल बोलताना या हातांचा उल्लेख व्हायलाच हवा.

अशी कडक हॅट ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाला, ठेवायची कुठे? मांडीवर अडचण, खुर्चीखाली ठेवली तर चेपणार. पॅरिसचा हॅटवाला आंत्वान गिब्युस याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर उपाय काढला. लाखेच्या सांगाड्याऐवजी पोलादी स्प्रिंगा, आणि वर प्लशऐवजी बिनचकाकीचं रेशीम किंवा मेरिनो लोकर. वरून दाबा, बसण्याआधी खुर्चीखाली सरकवा. त्यामुळे एखाद्या चित्रपटात आरशासारखी झळकणारी हॅट मिटताना दिसली, तर वेशभूषाकाराचं चुकलं असं खुशाल समजा.

रात्रीचा कडक पोशाख सैल करण्याची सुरुवात मात्र राजघराण्यातूनच झाली. १८६५ साली राणीच्या थोरल्या मुलाने, युवराजाने, लंडनमधल्या शिंप्यांच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या हेन्री पूल यांच्याकडून बिनशेपटाचा आखूड कोट शिवून घेतला, घरगुती जेवणासाठी. आजच्या डिनर जॅकेटचा तो पूर्वज.

रेशमी प्लशचं विणकाम विसाव्या शतकात बंद पडलं. आता अस्सल हॅट हवी असेल तर जुनीच शोधावी लागते, आणि मोठ्या मापाची तर फार कमी सापडते.