नळी कसली वापरली, डॉक्टर?

(दृश्य : पहाटेचा पाऊस. गगनबावड्याकडं जाणारा रस्ता. दवाखान्याचं अर्धं उघडलेलं शटर.)

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात पावसाळ्यात असा पेशंट पहाटे येतो. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला, पोटात कळ आली म्हणून उठलेला. घरच्यांना वाटतं, पित्त झालं. अंगावर खूण नाही, सूज नाही. मग हळूहळू पापण्या जड व्हायला लागतात.

मण्यार साप असाच चावतो. त्याचे दात इतके बारीक की झोपेत कळतही नाही. विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडं जाणारा निरोप तोडतं आणि उपचार मिळाले नाहीत तर श्वास थांबतो.

(दृश्य : मोबाइलच्या उजेडात डॉक्टरांचा चेहरा.)

गावातला एकटा डॉक्टर अशा वेळी डॉक्टरांच्या ग्रुपवर विचारतो. कोल्हापुरात कुणी भूलतज्ज्ञ जागा असतो, कुणी तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला असतं. नुसतं "सर्पदंश असेल का?" विचारलं तर दहा जणांची दहा मतं पडतात. जाणता डॉक्टर मत देण्याआधी उलट विचारतो. पोट कधीपासून दुखतंय? मान उचलता येते का? एका दमात किती आकडे मोजतो? मग तो सांगतो, खूण शोधत बसू नका, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करा, ॲम्ब्यू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवा, व्हेंटिलेटर असेल तिथं हलवा.

(दृश्य : काचेची नळी, जवळून. भिंतीवरचं घड्याळ.)

घोणस किंवा फुरसं चावल्याची शंका असेल तर रक्त गोठतंय का ते बघतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय असं धरायचं. पण नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणानं धुतलेली असली, तर विष नसतानाही रक्त पातळ राहू शकतं. "गोठलं नाही, किती बाटल्या देऊ?" या प्रश्नावर पहिला रिप्लाय "नळी कसली वापरली?" असा आला, तर तो ग्रुप कामाचा आहे असं मी म्हणेन.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांची लाल विंचवाच्या दंशावरची निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तेव्हा कोकणातल्या पेशंटजवळ बसून टिपलेलं जगभर पोचलं. आज पोचायला क्षणही लागत नाही. टिपून ठेवणं मात्र तितकंच कष्टाचं राहिलं आहे.

(दृश्य : दिवस उजाडलेला. डॉक्टर मोबाइलवर टाइप करताहेत.)

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-मोबाइलवरून दुरून उपचार) नियमावलीनुसार एक डॉक्टर दुसऱ्याचा सल्ला घेऊ शकतो, पण उपचाराची जबाबदारी विचारणाऱ्याकडंच राहते. पेशंटचं नाव, गाव, चेहरा ग्रुपवर जाता कामा नये. केसपेपरचा फोटो टाकताना वरची ओळ झाकायला दोन सेकंद लागतात.

आणि पेशंट सावरल्यावर, किंवा दगावल्यावरही, त्याच प्रश्नाखाली पुढचं लिहावं : एएसव्ही किती वाजता दिलं, किती बाटल्या लागल्या, श्वासनळीतली नळी कधी निघाली, कुणाचा सल्ला लागू पडला आणि कुणाचा नाही.